तात्यांचे दात आणि गावाचं बक्षीस

"वहिनी, तेवढी प्लेट हरवा," पोपटअण्णा म्हणाले.

मी चहा गाळता गाळता थांबले. आमच्या सोप्यात चौघंजण बसली होती. मधोमध पोपटअण्णा, शेजारी त्यांची बायको नलूताई. गावच्या सरपंच नलूताई. पण बोलायचं पोपटअण्णांनी आणि सही करायची नलूताईंनी, अशी त्या दोघांनी कामाची वाटणी करून घेतली होती. उरलेले दोघे पंचायतीचे सदस्य. ते नुसतेच मान हलवायला आलेले.

"कुठली प्लेट?" मी आपली काही ठाऊक नसल्यासारखी.

"तात्यांची हो. दातांवर घालतात ती. ती घातली नाही तर दात परत पुढं येतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाली ना? तुम्हीच तर साऱ्या गावाला सांगितलंत."

"मग?"

"मग येऊ द्या की! समिती परत यायला अजून अकरा महिने आहेत. तोवर येतील ना बाहेर?"

आणि आजवर कधी न बोललेल्या नलूताई बोलल्या. "सगळे नाही आले तरी चालतंय. निम्मे आले तरी बास."

बारा वर्षं झाली याला, पण अजून मला ती सकाळ आठवली की हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा ते कळत नाही. अख्ख्या गावाचं नशीब माझ्या नवऱ्याच्या दातांत अडकलं होतं, आणि ते सोडवायला ही मंडळी माझ्या दारात आली होती.

आमचे हे म्हणजे सर्जेराव खबाले. गावाचे तात्या. ह्यांचे वरचे पुढचे चार दात पहिल्यापासून ओठांच्या बाहेर. मला बघायला आले तेव्हा मी मान खाली घालून बसलेली. मावशी आत येऊन म्हणाली, "मालन, पोरगा हसतमुख आहे हं." लग्नानंतर महिन्याभरात मला कळलं, की पोरगा झोपेतसुद्धा हसतमुख आहे. वरचा ओठ खालच्या ओठाला टेकायचाच नाही. त्यामुळं ऊस जळाला तरी हे हसतायत, म्हैस दगावली तरी हसतायत. मी भांडून माहेरी निघाले, पिशवी भरली, तरी हे दारात उभे राहून हसतायत. अशा माणसाशी भांडायचं कसं, सांगा! दोन वेळा पिशवी भरली, दोन्ही वेळा मीच सोडली.

पुढं सरकारनं तंटामुक्तीची योजना काढली. गावातले तंटे गावातच मिटवायचे, पोलिसात जायचं नाही. ज्या गावाचे सगळे तंटे मिटतील त्याला बक्षीस, आणि अध्यक्षाचा मंत्र्यांबरोबर फोटो. आमच्या बोरकडे खुर्दात अध्यक्ष कोण, यावरच पहिला तंटा झाला. शेवटी एकमतानं ह्यांचं नाव निघालं, कारण ह्यांच्याशी भांडल्याचं कुणालाच आठवेना.

ह्यांची पद्धत एकदम साधी. दोन्ही पार्ट्यांना समोर बसवायचं, दोघांचं ऐकायचं, आणि गप्प बसायचं. डावीकडच्याला वाटायचं, तात्या आपल्याकडं बघून हसले, म्हणजे आपलंच खरं. उजवीकडच्यालाही तेच वाटायचं. मग हे म्हणायचे, "बघा बाबांनो, दोघंही घरचेच आहात," आणि दोघं मोठ्या मनानं सह्या करून जायचे. गावानं ह्यांना न्यायाधीश करून टाकलं. ह्यांनाही हळूहळू वाटायला लागलं, आपल्याला माणसं कळतात. मी गावची अंगणवाडी चालवायची; तिथून घरी आले की रोज ऐकायची, आज कुणाचा स्वभाव कसा ओळखला ते.

पण पहिल्या वर्षीचं बक्षीस ओढ्यापलीकडच्या बोरकडे बुद्रुकला गेलं. खुर्दाचं आणि बुद्रुकाचं सख्य असतं तसलं आमचं सख्य. त्यांच्या अध्यक्षाचा मंत्र्यांबरोबरचा फोटो तालुक्याला पंचायत समितीत लागला. पिळदार मिशा आणि पांढरी सरळ बत्तीशी. आमचे पोपटअण्णा महिनाभर तो फोटो बघून यायचे आणि जेवायचे नाहीत.

त्याच सुमाराला सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी हे म्हणाले, "मालन, कराडला जाऊन येऊ. दातांना तारा बसवून घ्यायच्यात."

मी हातातलं पीठ परातीत टाकलं. "कुणाच्या दातांना?"

"माझ्या."

"सत्तेचाळिसाव्या वर्षी? अहो, शाळेतल्या पोरी लावतात त्या तारा!"

"लावू देत."

"त्या बुद्रुकवाल्याचा फोटो बघून आलाय होय? मंत्र्याशेजारी उभं राहायचंय देखणं होऊन?"

ह्यांनी खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "फोटोसाठीच समज."

झालं! मी ते गावभर केलं. मला तोंड दिलंय देवानं आणि अंगणवाडीत रोज चाळीस पोरांच्या आया येतात. दुसऱ्या दिवशी गाव म्हणत होतं, तात्या फोटोची तयारी करतायत. पोपटअण्णांना तर भरून आलं. म्हणाले, "गावासाठी माणूस दात आवळून घेतोय, याला म्हणतात त्याग."

कराडची डॉक्टरीण पोरगेलीच होती, पण कामात पक्की. तिनं ह्यांना खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर घेतला आणि म्हणाली, "काका, ओठ मिटून दाखवा."

ह्यांनी मिटले. म्हणजे प्रयत्न केला. हनुवटी सुकलेल्या खारकेसारखी सुरकुतली, मान ताठली, आणि कसाबसा वरचा ओठ खाली आला. श्वास सोडला तसा परत वर गेला.

"बघा काकू," ती मला म्हणाली, "यांना ओठ मिटायलासुद्धा ताकद लावावी लागते. पूर्ण आयुष्य असंच काढलंय यांनी. चार दाढा काढून जागा करू, मग पुढचे दात मागं घेऊ. दोन वर्षं लागतील. काका, पण आता या वयात का वाटलं तुम्हाला?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"फोटोसाठी," मीच सांगून टाकलं. डॉक्टरीण हसली. हे तर हसतच होते.

दोन वर्षं आमच्या घरानं काय काढलं ते आमचं आम्हाला माहीत. भाकरीचा पापुद्रा बंद, शेंगदाणे बंद, ऊस बंद. शेतात दोन एकर ऊस उभा आणि मालकाला कांडं तोंडात घालायची चोरी. भाकरी आमटीत कुस्करून, भिजवून, बाळाला भरवावं तशी खायची. दर महिन्याला तारा आवळून आले की दोन दिवस नुसती पेज. मी चिडवायची, "दातांना कुंपण घातलंय, आता गुरं काही आत शिरत नाहीत." तरी माणूस एकदाही म्हणाला नाही की पुरे आता. फोटोची एवढी हौस, म्हणून मला नवल वाटायचं आणि थोडा रागही यायचा.

गावाचं मात्र बरं चाललं होतं. तारांमुळं ओठ आणखीच वर राहायचा, त्यामुळं हे आणखीच हसतमुख. त्या दोन वर्षांत सतरा तंटे मिटले. उरला एकच, पिसाळांचा. हिंदुराव पिसाळ आणि विलास पिसाळ, सख्खे चुलतभाऊ. हिंदुरावाच्या पत्र्याच्या पागोळ्या विलासच्या अंगणात पडायच्या. त्या पाण्यापायी सहा वर्षं दोघं एकमेकांच्या लग्नाकार्याला गेले नव्हते. पण ह्यांनी तोही जमवत आणला. हिंदुरावानं पन्हाळ लावायची, विलासनं त्याला भिंतीचा आधार द्यायचा. सगळं ठरलं, फक्त सह्या राहिल्या. समिती सोमवारी येणार, सह्या शनिवारी.

आणि गुरुवारी ह्यांच्या तारा निघाल्या.

डॉक्टरीणबाईनं आरसा दिला. हे आरशात बघत राहिले. ओठावर ओठ अलगद टेकलेला, हनुवटी सपाट, तोंड मिटलेलं. काही न करता मिटलेलं! तिनं एक प्लेट दिली, प्लास्टिकची, तारेचा आकडा असलेली. "काका, ही विसरायची नाही. दातांना जुन्या जागेची ओढ असते. प्लेट सोडली तर हळूहळू परत सरकतील."

एसटीत मी शेजारच्या माणसाकडं चोरून बघत होते. आमच्याच ह्यांचा सदरा, आमच्याच ह्यांची टोपी, पण चेहरा कुण्या तहसीलदाराचा. घरी आल्यावर चहा केला.

"कसा झालाय?"

"चांगला झालाय."

पण तोंड असं, की मी उठून साखर घातली. "आता?"

"आता गोड झालाय थोडा."

"मग आधी का नाही सांगितलंत कमी होती म्हणून?"

"कमी कुठं होती? चांगला झालाय म्हटलं ना!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही चहावरून भांडलो.

शनिवारी पंचायतीत सह्यांचा कार्यक्रम. मी अंगणवाडीच्या बायका घेऊन गेले होते. हे मध्ये बसले, समोर दोन्ही पिसाळ, बाजूला कागद आणि शाईचा पॅड. ह्यांनी नेहमीसारखं हिंदुरावाकडं बघितलं, नेहमीसारखे गप्प राहिले.

हिंदुराव चुळबुळला. "काय झालं तात्या?"

"कुठं काय?"

"असं का बघताय माझ्याकडं?"

"कसं बघतोय?"

"असं. मी काही चोरी केलीय का?"

विलास खूश झाला. म्हणाला, "बघ, तात्यांनापण कळलंय तुझं." तेवढ्यात ह्यांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. विलासचं तोंड उतरलं. "तात्या, माझ्यावर कशापायी डोळे वटारता? पाणी त्याचं, अंगण माझं!"

"अरे, मी कुणावरच डोळे वटारलेले नाहीत," हे म्हणाले. "बघा बाबांनो, दोघंही घरचेच आहात."

शब्द तेच, आवाज तोच. पण त्या मिटलेल्या तोंडातून ते असं बाहेर आलं, की बायकांनीसुद्धा पदर सावरले.

"आम्हाला धमकी देताय व्हय!" हिंदुराव उठला.

"चल रं," विलास म्हणाला. आणि सहा वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून पंचायतीबाहेर पडले.

सोमवारी समिती आली तेव्हा दोघं पंचायतीच्या फाटकातच उभे. एकाच कागदावर दोघांच्या सह्या. पागोळ्यांची तक्रार दोघांनी मागं घेतली होती, नवी तक्रार होती ती अध्यक्षांविरुद्ध. अध्यक्ष पक्षपाती आहेत, दोघांच्याही विरुद्ध पक्षपाती आहेत, आणि सत्ता डोक्यात गेल्यामुळं हल्ली हसत नाहीत. समितीचे साहेब भले होते. त्यांनी तीनदा वाचलं. मग शेरा मारला, की सदर गावात तंटामुक्ती अध्यक्ष हाच तंट्याचा विषय आहे. बक्षीस गेलं.

मग तर दार उघडल्यासारखं झालं. मिटलेल्या सतरा तंट्यांपैकी नऊ तंटे पुन्हा उभे राहिले. जो तो म्हणायचा, आम्ही सही केली ती तात्या आमच्या बाजूचे होते म्हणून. ह्यांनी राजीनामा दिला. सोप्यात बसून राहायचे. मला वाटायचं ह्यांना माझा राग आलाय. मी विचारायची, हे नाही म्हणायचे, आणि त्या चेहऱ्यावरून ते मला काही पटायचं नाही.

म्हणून पोपटअण्णा प्लेट हरवा म्हणाले, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. गावाच्या बक्षिसाचं मला काय पडलंय! मला माझा जुना माणूस परत हवा होता. बावीस वर्षं कुणीतरी माझ्याकडं बघून हसत होतं. ते दातांमुळं होतं हे मला आता कळलं होतं, तरी हवं होतं.

मंडळी गेली तशी, हे शेतावरून यायच्या आत, मी ह्यांनी काढून ठेवलेली प्लेट उचलली आणि फडताळातल्या सासूबाईंच्या पितळी पानाच्या डब्यात ठेवली. त्या गेल्यापासून हे त्या डब्याला हात लावत नव्हते. त्याहून सुरक्षित जागा घरात नव्हती.

तीन दिवस ह्यांनी घर उलथंपालथं केलं. तांदळाचा डबा उपसला, गादीची खोळ काढली. उकिरड्यातसुद्धा काठीनं उकरून आले. मी आपली बरोबर शोधत होते, नको तिथं वाकून बघत होते. चौथ्या दिवशी सकाळी हे आरशासमोर उभे होते, अंगठ्यानं पुढचे दात आत दाबत.

"मालन, दात हललेत. जीभ लावली की कळतं."

"हलू देत की," मी म्हणाले. "बक्षीस गेलं, अध्यक्षपद गेलं, फोटो तर झालाच नाही. आता कुणाला दाखवायचेत ते सरळ दात?"

हे येऊन उंबऱ्यावर बसले.

"फोटोसाठी नव्हते गं केले."

"मग?"

"आई गेली तो दिवस आठवतो तुला?"

"न आठवायला काय झालं?"

"अंगणात तिरडी बांधत होते. मी आईच्या पायाशी उभा होतो. मला कळत होतं, सगळे माझ्याकडं बघतायत. पोपट त्या शेवग्याखाली कुणाला तरी म्हणाला, 'जमीन एकट्याला मिळाली, हसणारच की.' मला ऐकू गेलं. मग तू माझ्याजवळ आलीस."

मी पार विसरले होते. आणि त्याच क्षणी सगळं आठवलं, अगदी नेसलेल्या लुगड्यासकट.

"तू कानात म्हणालीस, 'अहो, आज तरी तोंड मिटा. हसताय असं दिसतं.'" ह्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. "मी मिटतच होतो, मालन. मिटत नव्हतं. रडताना तर अजिबातच मिटत नव्हतं. मग मी रडायचाच थांबलो. आईला खांदा दिला, पाणी दिलं, पण रडलो नाही. रडलो असतो तर जास्तच हसल्यासारखं दिसलं असतं."

मी ह्यांच्याजवळ उंबऱ्याशी टेकले.

"तेव्हाच ठरवलं होतं," हे म्हणाले. "वर्षश्राद्ध होऊ दिलं फक्त. सतरा तंटे दातांनीच मिटवलेत, तेही कळलं आता. असू दे. तंट्याचं मला काही नाही. पण पुढं कुणी गेलं घरातलं, तर मला नीट उभं राहायचं होतं. एवढंच होतं माझं."

मी उठले. फडताळातून डबा आणला, ह्यांच्यासमोर ठेवला आणि उघडला. अडकित्त्याखाली, काताच्या कप्प्यात, प्लेट होती.

ह्यांनी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंडावर राग होता. खरा, सरळ राग, कुणालाही ओळखता येईल असा.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "आत्ताचंही आणि तेव्हाचंही. द्या, धुवून देते. काताचा वास लागलाय तिला."

"राहू दे," हे म्हणाले, आणि तशीच उचलून तोंडात घातली.

ओठ मिटले. आईच्या डब्यातल्या काताची चव जिभेवर गेली असेल ह्यांच्या. डोळे भरले, आणि मग धार लागली. आवाज नाही, काही नाही. नुसता ताठ बसलेला माणूस आणि गालावरून हनुवटीपर्यंत पाणी.

तेवढ्यात अंगणातून पोपटअण्णा आले. चौकशीलाच आले होते, प्लेटीच्या कामात काही प्रगती आहे का म्हणून. दारात आले आणि जागीच थांबले.

"तात्या," ते घाबरून म्हणाले, "काय झालं? रडताय का तुम्ही?"

तीन वर्षांनी कुणीतरी ह्यांना ते विचारलं होतं.

"होय," हे म्हणाले. प्लेटीमुळं शब्द जड येत होते. "आई गेली रे माझी."

पोपटअण्णांनी माझ्याकडं बघितलं, उघड्या डब्याकडं बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि ह्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. मी आत जाऊन चहा ठेवला.